सही कुठं करायची?

घर घेताना बाई एकच प्रश्न विचारते. "सही कुठं करायची?"

मी स्वतः चार वेळा सबरजिस्ट्रार कचेरीच्या बाकावर बसले आहे. एकदा नणंदेच्या हक्कसोडीला सोबत म्हणून, एकदा माझ्याच माहेरच्या हक्कसोडीला, एकदा बँकेच्या गहाणखतासाठी आणि एकदा खरेदीला. चारही वेळा बाँड रायटरनं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, आणि चारही वेळा माझ्या तोंडून तेच वाक्य आलं. बी.ए. झालेली बाई मी. कादंबरीच्या शेवटावर तासभर वाद घालीन, भाजीवाल्याकडून दोन रुपये सोडवून घेईन. पण लाखांच्या कागदावर सही करताना मला फक्त फुली कुठं आहे एवढंच बघायचं सुचलं.

आमच्या बेळगावात घर घेण्याबद्दल बोलायला लोकांना फार आवडतं. बस्तीतून बाहेर पडताना, लग्नाच्या मांडवात, कुठंही चार पुरुष जमले की विषय हाच. जागा एनए आहे का? ई-खाता निघाला का? ईसी काढली का? गाईडन्स व्हॅल्यू किती? प्रश्न चांगले आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. माझं भांडण आहे ते हे प्रश्न कोण विचारतो आणि कुठला प्रश्न कधीच विचारला जात नाही याच्याशी.

आधी आमचीच गोष्ट सांगते. १९९६ साली ह्यांनी शहराबाहेर एक तुकडा घेतला, शेतातला. खरेदीपत्र नाही, बाँडवर. स्टँप पेपरवर शेतकऱ्यानं लिहून दिलं की अमुक रुपये पोचले, ताबा दिला, पुढे कायदेशीर करून देईन. खाली चार सह्या. तेव्हा सगळेच असं घेत होते. मी विचारलं होतं, "रजिस्टर नाही काय?" तर उत्तर आलं, "तुला कशाला पाहिजे ते? माणूस चांगला आहे."

माणूस चांगलाच होता. पण कायदा चांगल्या माणसासाठी वेगळा नसतो. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणी झालेलं खरेदीपत्रच लागतं, हे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आणि १९०८च्या नोंदणी कायद्यात लिहून ठेवलंय. करारपत्र म्हणजे नुसतं वचन. मुखत्यारपत्र घेऊनही मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. म्हणजे आमच्या कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवलेला तो बाँड हा मालकीचा कागद नव्हताच. त्या कपाटाची किल्ली वीस वर्षं मी कमरेला लावून फिरत होते.

पुढं शेतकरी वारला. कालांतरानं जमीन एनए झाली, ले-आऊट मंजूर झाला, आणि त्याची मुलं खरेदीपत्र करून द्यायला तयार झाली. पैसे वाढवून मागितले, ते ठीक. पण आमच्या वकिलांनी तलाठ्याकडची वंशावळ मागवली आणि त्यात दोन मुली निघाल्या. वकील म्हणाले, "बहिणींच्या सह्या पाहिजेत."

आता हा प्रश्न घर घेणारा प्रत्येक जण विचारतो आणि विचारताना तोंड वाकडं करतो. "बहिणींच्या सह्या लागतातच काय हो?" लागतात. ईसीमध्ये बहीण दिसत नाही, कारण ईसीत फक्त नोंदवलेले व्यवहार येतात: कुणी कुणाला विकलं, कुठल्या बँकेचा बोजा आहे. तीस वर्षांची ईसी काढली तरी जन्मानं मिळालेला हक्क तिथं उमटत नाही. तो हक्क मात्र असतो. हिंदू वारसा कायदा १९५६चा, आणि तो आपल्या जैनांनाही लागू आहे, कलमात नाव घेऊन. ९ सप्टेंबर २००५पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्माच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं. २० डिसेंबर २००४च्या आधी झालेल्या विक्री-वाटण्या तेवढ्या जुन्या धरल्या जातात. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. पण मृत्युपत्र न करता गेले तर तिथंही मुलगी वारस आहेच, आणि हे २००५चं नव्हे, १९५६चं आहे.

तर दोन बहिणी. धाकटीनं सही दिली. थोरली म्हणाली, विचार करून सांगते. आठ दिवस गेले. मग घरात ठरलं की मी जायचं. "तुम्ही बायकाबायका बोला की. तू समजावून सांग, ऐकेल ती." सोबत एक साडी दिली, चांगली इरकल.

मी गेले. तिचं घर खासबागच्या पलीकडं, दोन खोल्या, पुढं माग लावलेला. तिनं साडी हातात घेतली नाही. पाणी दिलं, समोर बसली आणि विचारलं, "वैनी, तुमच्या माहेरचं तुम्ही काय केलात?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "सही केली."

"किती जमीन?"

मला सांगता आलं नाही. लाजेनं नव्हे, मला खरंच माहीत नव्हतं. निपाणीकडचं आमचं शेत, तंबाखूचं. २००६ साली भावाला कर्ज काढायचं होतं, बँकेला कागद स्वच्छ पाहिजे होता. अण्णा जाऊन सहा महिने झाले होते. भाऊ न्यायला आला, वहिनीनं पुरणपोळी केली, दुपारी कचेरीत गेलो, तीन ठिकाणी सही, अंगठा, फोटो. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून मला एसटीत बसवलं. मांडीवर साडीचा बॉक्स होता. ती साडी अजून आहे. कायद्यानं मला हक्क देऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मी तो साडीचोळीला दिला होता. किती एकर होतं हे मी वाचलंच नव्हतं. दस्त कन्नडमध्ये होता हे एक कारण सांगता येईल, पण ते खरं कारण नाही. मी कन्नड वाचते.

त्या थोरलीसमोर बसून मला कळलं की मी कुठल्या कामाला आले आहे. माझ्या मांडीवर ज्यांनी साडी ठेवली त्यांचंच काम मी करत होते. आणि त्याहून आधी, नणंदेच्या हक्कसोडीला तिच्या शेजारी बसून "कर गं सही, घरचंच तर आहे" असं म्हणणारी मीच होते. ज्या घरात मी तीस वर्षं स्वयंपाक केला, ते घर तिच्या त्या सहीवर उभं आहे. वाईट माणसं शोधायला मला लांब जावं लागत नाही.

"माहेर तुटेल", हे आपल्यातलं सगळ्यात मोठं कलम. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, पण प्रत्येक हक्कसोडीच्या मागच्या पानावर ते लिहिलेलं असतं. मी विचारते, सही मागताना तुटत नाही ते माहेर हिस्सा मागताना कसं तुटतं? भावाभावांच्या वाटण्या होतात, कोर्टात जातात, मधे भिंती घालतात, आणि पुढच्या वर्षी एकाच मांडवात जेवतात. त्यांचं नातं एवढं दणकट आणि बहिणीचं तेवढं काचेचं? की काचेचं आहे असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, म्हणजे आपण जपून चालू? दुसरं एक म्हणतात, "मुलीला लग्नात दिलं की." काय दिलं? भांडी, सोनं, जेवणावळ. त्याची किंमत शेताच्या भावाबरोबर वाढत नाही. आणि मुलाच्या लग्नाला खर्च होत नाही काय? त्याच्या हिश्श्यातून कुणी वजा केल्याचं मी तरी पाहिलं नाही.

"आपल्यात ही पद्धत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर दाखो नावाच्या एका जैन विधवेचा खटला आला होता, उत्तरेकडच्या अगरवाल जैनांतला. कोर्टानं त्यांचा रिवाज मान्य केला, की निपुत्रिक जैन विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर पूर्ण मालकी आहे, आणि दत्तक घ्यायला तिला कुणाची परवानगी नको. इतर हिंदू विधवांना तेव्हा नुसता हयातीपुरता उपभोग होता, तो १९५६पर्यंत तसाच राहिला. तेव्हा पद्धतीचं नाव घ्यायचं तर कुठली पद्धत, तेही सांगा.

आणि पद्धतीवर आलोच आहे तर आणखी एक. दशलक्षणात उत्तम सत्याच्या दिवशी प्रवचनाला पुढच्या रांगेत बसणारे आपले व्यापारी बंधू घर घेताना पहिला प्रश्न कुठला विचारतात? "व्हाईट किती, ब्लॅक किती?" दस्तात गाईडन्स व्हॅल्यूइतकी किंमत लिहायची, उरलेली पिशवीतून. सत्याणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेत. त्यात कूटलेखक्रिया म्हणजे काय ते कुणीतरी ह्यांना समजावून द्या. खोटा लेख करणं. तत्त्वार्थसूत्र रचणाऱ्यांना सबरजिस्ट्रार कचेरी माहीत नव्हती, तरी त्यांनी ती बरोबर ओळखली. व्यवहारातही ते महाग पडतं. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. शिवाय उद्या व्यवहार मोडला तर पिशवीतले पैसे परत कशाच्या आधारानं मागणार? कागदावर तर ते नाहीतच. आणि ती पिशवी भरायला बहुतेक वेळा बायकोच्या बांगड्या मोडलेल्या असतात. दस्तात नाव नाही, किमतीत बांगड्या नाहीत. दोन्हीकडून ती गायब.

आता "नावात काय आहे, घर तर दोघांचंच" हे घ्या. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की तिथं पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, आणि घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. घाटाच्या अलीकडं तसं काही नाही. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, त्यानं कमावलेलं असेल, तर तो ते विकू शकतो आणि बायकोला विचारायची कायद्याला गरज नाही. दोन अडीच तासांचा रस्ता, त्यावर आपल्या हक्काचा एवढा फरक. तेव्हा "दोघांचंच" असेल तर तसं लिहा ना. एक ओळ जास्त.

तिथंही फसू नका. गृहकर्ज घेताना बँक बायकोला हौसेनं को-अ‍ॅप्लिकंट करून घेते, तिचा पगार धरला की कर्ज वाढून मिळतं. हप्ता चुकला तर नोटीस तिच्याही नावानं येते. पण को-अ‍ॅप्लिकंट म्हणजे मालक नव्हे. खरेदीपत्रात तिचं नाव नसेल तर ती फक्त देणेकरी. असा कागद करणारी सुशिक्षित घरं मला माहीत आहेत, त्यातल्या बायका ऑफिसात माणसं सांभाळतात. आणि बायकोच्या नावावर घेतलं तर बेनामी होईल काय, ही भीती घालणाऱ्यांना सांगा, नवऱ्यानं आपल्या उघड उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी ठरत नाही. एकदा तिच्या नावावर आलं की १९५६च्या कायद्याच्या चौदाव्या कलमानं ती पूर्ण मालकीण आहे. कदाचित भीती बेनामीची नसून त्या "पूर्ण" शब्दाची असते.

खर्चाचं थोडक्यात. आपल्याकडं कर्नाटकात पंचेचाळीस लाखांच्या वरच्या घराला मुद्रांक शुल्क पाच टक्के, वर सेस आणि सरचार्ज. नोंदणी फी एक टक्का होती, ती २०२५च्या ऑगस्टअखेर दोन टक्के झाली. पन्नास लाख किंवा त्यापेक्षा जास्त किंमत असेल तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा. बाईच्या नावावर घेतलं तर सवलत मिळते असं लोक सांगतात, ती महाराष्ट्रातली, २०२१पासून राहत्या घराला एक टक्का, आणि तीही घेणारी फक्त बाई असेल तर. नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर नाही. बेळगावात ती नाही. चंदगडच्या मावशीचं ऐकून इथं हिशेब मांडू नका.

दस्त न कळण्याचं मी वर म्हटलं, त्यावर राहिलं. आपल्याकडचे जुने कागद मोडीत, नवे कन्नडमध्ये, वकिलाचा अभिप्राय इंग्रजीत. आपण मराठी माणसं तिन्हीला हात जोडतो आणि सही करतो. भाषेवरनं भांडायला इथं माणसं कमी नाहीत, पण स्वतःच्या चतुःसीमा वाचून घ्यायला कुणाला वेळ नसतो. पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता किती फुटी, ते दस्तात आणि जागेवर एकच आहे का? चार ओळी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आदल्या दिवशी, घरी, कचेरीत नव्हे. कचेरीत सर्व्हर बंद असतो, चाळीस माणसं ताटकळलेली असतात आणि सूर्यास्ताच्या आधी जेवायचं म्हणून आपलाही जीव वर झालेला असतो. शिवाय सबरजिस्ट्रार तुम्हाला विचारतो ते एवढंच, की सही तुमचीच का. तुम्हाला समजलं का, हे विचारणं त्याचं काम नाही. ते आपलं आपण विचारायचं असतं. "उशीर होतोय, कर की सही" असं घरचाच माणूस म्हणेल. होऊ दे उशीर.

त्या थोरलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी साडी परत घेऊन आले. घरी सांगितलं की ती फुकट सही देणार नाही आणि मी तिला द्यायलाही सांगणार नाही. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. "एकाच जागेला किती वेळा पैसे द्यायचे?" हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. पण पैसे आम्ही द्यायचे नव्हतेच. वकिलांनीच मार्ग काढला: खरेदीची उरलेली रक्कम सगळ्या वारसांना वेगवेगळ्या चेकनं, दस्तात चेक नंबर घालून. भावांनी आदळआपट केली. धाकटी, जिनं आधीच सही दिली होती, तिलाही चेक मिळाला. तिनं तो कचेरीतच तीनतीनदा उलटून बघितला. खरेदीपत्र आमच्या दोघांच्या नावावर झालं, २०१७ साली, बाँडनंतर एकवीस वर्षांनी. थोरली जाताना मला म्हणाली, "आता निपाणीला जाऊन विचारा, किती जमीन ते."

मी अजून गेलेली नाही. सातबाराचा आमच्याकडचा उतारा, म्हणजे पहाणी, ऑनलाईन दिसते. सर्व्हे नंबर मला माहीत आहे. एवढं लिहिणारी मी, ते पान उघडायला हात धजत नाही.

मागच्या महिन्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. फ्लॅट ठरला, बिल्डरनं करार करायला बोलावलंय. मी नेहमीचं विचारलं: महारेराचा नंबर बघितलास का, किंमत कार्पेटवर लावलीय का, करार नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेतले नाहीत ना? जास्त घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं तेरावं कलम आहे. "आई, तू कधीपासून वकील झालीस?" म्हणून तो हसला. मग सुनेनं फोन घेतला.

"आत्ती, उद्या सही करायला जायचंय. कुठं करायची ते तिथंच सांगतील म्हणे."

मी म्हटलं, "मसुदा आला काय तुझ्याकडं?"

"ह्यांच्याकडं आलाय."

"तुझ्याकडं मागवून घे. आणि खरेदीदार म्हणून कुणाकुणाचं नाव आहे ते बघ. कर्जात तू आहेस ना?"

रात्री तिचा फोन. करारात नाव एकट्याचं होतं. मुलगा म्हणाला, बिल्डरच्या माणसानं तसंच टाकलं, माझ्या लक्षात आलं नाही. खरं असेल. त्याच्या बापाच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीची तारीख रद्द झाली. नवा मसुदा चार दिवसांनी आला, त्यात तिचं नाव होतं, पण आधार कार्डावर माहेरचं आडनाव आणि करारात सासरचं. ते दुरुस्त करायला आणखी आठवडा गेला. बिल्डरचा माणूस रोज फोन करतोय.